वीज गेली तेव्हा ते दोघे कपाटात होते : ‘हाऊ टू स्टील अ मिलियन’

मांडवीकाठ :

नाताळाच्या सुट्टीत म्हापशाच्या घरी माळा आवरताना एक व्हिडिओ कॅसेट सापडली. वरच्या कागदाला कसर लागली होती, तरी निळ्या शाईतली पहिली दोन अक्षरे वाचता आली आणि मी ती ओळखली. आमच्या शेजारी एक तारवटी काका राहत असत. वर्षातले नऊ-दहा महिने ते जहाजावर असायचे, आणि परतताना चॉकलेटे व साबणाच्या वड्या यांच्याबरोबर दोन-चार कॅसेटी आणायचे. 1987 च्या मे महिन्यात त्यांनी आणलेल्या कॅसेटींमध्ये ‘हाऊ टू स्टील अ मिलियन’ होता. तो बघायला त्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही पंधरा-सोळा माणसे जमलो होतो. त्यांत माझी आजी होती, आणि तिला इंग्रजीचा एक शब्दही येत नव्हता.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. विल्यम वायलर यांचा हा 1966 चा चित्रपट पॅरिसमध्ये घडतो. निकोल (ऑड्री हेपबर्न) हिचे वडील श्रीमंत, रसिक आणि अतिशय प्रेमळ आहेत. मात्र घरातल्या कपाटामागच्या गुप्त खोलीत बसून ते थोर चित्रकारांच्या नकली कलाकृती रंगवतात. हा त्या घराचा पिढीजात व्यवसाय आहे. त्यांच्याकडची व्हीनसची एक छोटी मूर्ती सोळाव्या शतकातल्या चेल्लिनी या इटालियन शिल्पकाराने घडवली असे जग मानते. प्रत्यक्षात ती निकोलच्या आजोबांनी घडवलेली असून तिच्यासाठी आजी नमुना म्हणून उभी राहिली होती. वडील मोठ्या हौसेने ही मूर्ती संग्रहालयाला प्रदर्शनासाठी देतात, विम्याच्या कागदावर सही करतात, आणि त्या सहीने आपण मूर्तीच्या तांत्रिक तपासणीला संमती देऊन बसलो हे त्यांना नंतर कळते. तपासणी झाली तर पितळ उघडे पडणार आणि वडील तुरुंगात जाणार. तेव्हा मुलगी ठरवते की तपासनीस येण्याआधी मूर्ती चोरायची. सोबतीला ती सायमन (पीटर ओ’टूल) याला घेते, कारण तो घरफोड्या आहे अशी तिची समजूत आहे.

संग्रहालय बंद होण्याच्या वेळी ते दोघे जिन्याखालच्या, झाडू-बादल्या ठेवायच्या कपाटात लपतात. पहारेकरी गस्त घालताना कपाटाला कुलूप लावतो आणि किल्ली बाहेर टांगतो. म्हापशाला आमची वीज गेली ती नेमकी या क्षणी.

पाऊण तास वीज आली नाही, आणि तरीही घरी कोणी गेले नाही. काकूंनी कंदील लावला, कोणी कोकमाचे सरबत केले, आणि अंधारात बसून आम्ही सर्व जण एकाच प्रश्नावर बोलत राहिलो की हे दोघे आता बाहेर कसे येणार. माझ्या मावसभावाचे म्हणणे होते की दार फोडतील. काका सांगेनात, कारण त्यांनी जहाजावर चित्रपट पाहिलेला होता. आजीने तोवरची कथा आमच्याकडून तुकड्यातुकड्यांनी समजावून घेतली होती. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “आपलीच वस्त घरा हाडटात, ती चोरी कशी?” (आपलीच वस्तू घरी आणतात, ती चोरी कशी?)

नंतरच्या वर्षांत चोरीचे पुष्कळ चित्रपट पाहिले. पण हलक्याफुलक्या चोरीच्या या चित्रपटाचे आकर्षण मला आजही आजीच्या त्या प्रश्नात सापडते. या चोरीत कोणाचेही काही जात नाही. जी वस्तू चोरायची ती नकली आहे, ती चोरणारीच्याच घरातली आहे, आणि ती चोरीला गेल्याने एका म्हाताऱ्या बापाची अब्रू वाचते. प्रेक्षकाच्या मनावर अपराधाचे ओझे उरत नाही आणि त्याला चोरीतल्या निव्वळ कौशल्याचा आनंद घेता येतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हा चित्रपट पॅनाव्हिजनमध्ये, म्हणजे रुंदीला उंचीच्या सव्वादोन पटीहून अधिक अशा चौकटीत चित्रित झाला आहे, आणि त्या काळच्या टीव्हीच्या जवळजवळ चौकोनी पडद्यावर बसवण्यासाठी कॅसेटवर त्याच्या बाजू कापलेल्या होत्या. हिशेब केला तर चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग आम्हांला दिसलाच नव्हता. बोलणाऱ्याचा चेहरा दिसे आणि ऐकणाऱ्याचा कापला जाई. काही वर्षांपूर्वी पूर्ण रुंदीचा चित्रपट पाहिला, तेव्हा बालपणीच्या चित्राला डावीउजवीकडे नवी जागा फुटल्यासारखे वाटले. आपण इतकी वर्षे ज्याच्या आठवणीत रमलो ते अर्धे-अधिकच चित्र होते, तरी त्याची गोडी कमी कशी झाली नाही, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

सुरंगी :

मांडवीकाठ, तुमच्या आजींचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ थांबले. मी हा चित्रपट पणजीला महाविद्यालयात असताना पाहिला आणि त्यानंतर निदान आठ वेळा पाहिला आहे. माझ्यासाठी तो संपूर्णपणे त्या कपाटातल्या रात्रीचा चित्रपट आहे.

कपाटात दोन माणसांना धड उभे राहायलाही जागा नाही. बाहेर पहारेकऱ्यांच्या पावलांचा आवाज येतो आणि त्यांना थांबण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. आजच्या चित्रपटांत चोरीच्या वेळी घड्याळाचे आकडे धावत असतात. येथे वेळ जाता जात नाही, आणि त्या न जाणाऱ्या वेळातच दोघांचे प्रेम जमते. सायमन चुंबक भिंतीला आतून लावून बाहेर टांगलेली किल्ली हळूहळू कुलपापर्यंत आणतो, तेव्हा मला नेहमी वाटते की त्याच्या हातात एखादे महागडे यंत्र असते तर हा प्रसंग इतका जवळचा वाटला नसता. एक चुंबक, थोडी दोरी, बागेत विकत घेतलेले बूमरँग आणि एक बादली एवढीच त्यांची सामग्री आहे. या सर्व वस्तू आपल्या हाताला माहीत आहेत. चोरी कशी झाली हे घरी जाऊन लहान मुलाला करून दाखवता येते. मी माझ्या भाच्याला स्वयंपाकघराच्या लाकडी दारावर चुंबकाने किल्ली सरकवून दाखवली होती, आणि दाराची फळी जाड असल्यामुळे ती दर वेळी खाली पडत होती. तरी त्याने ती संध्याकाळभर सोडली नाही.

कपड्यांविषयीही लिहायला हवे, कारण तो या चित्रपटातला शोभेचा भाग नसून कथेचा भाग आहे. हेपबर्नचे कपडे फ्रेंच वेशभूषाकार जिव्हान्शी यांचे आहेत. चोरीची बोलणी करायला ती हॉटेलात काळ्या लेसच्या पोशाखात, डोळ्यांवर लेसची पट्टी बांधून येते, कारण कट रचणारी बाई अशीच दिसत असणार अशी तिची कल्पना आहे. प्रत्यक्ष चोरीच्या वेळी मात्र तिला फरशी पुसणाऱ्या बाईचे जाडेभरडे कपडे घालावे लागतात आणि बादलीत मूर्ती ठेवून गुडघ्यांवर बसून फरशी घासावी लागते. फरशी घासणाऱ्या बायकांकडे एकही पहारेकरी निरखून पाहत नाही. दिग्दर्शकाने त्यावर कोणाच्या तोंडी भाष्य घातलेले नाही, तरी एवढ्या मऊ चित्रपटातले हे निरीक्षण खरे आहे. लग्नाच्या घरात कामाला आलेल्या बाईचा चेहरा किती पाहुण्यांना आठवतो?

डिचोलीकर :

सर्वांच्या भावनांचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. मी हा चित्रपट गेल्या वर्षी प्रथमच पाहिला आणि मला तो लांब वाटला. दोन तासांच्या चित्रपटात संग्रहालयाच्या कपाटापर्यंत पोहोचायलाच अर्ध्याहून अधिक वेळ जातो. सुरुवातीला सायमन रात्री घरात शिरतो, निकोलच्या हातून जुन्या पिस्तुलाची गोळी चुकून त्याच्या दंडाला चाटून जाते आणि मग तीच त्याला त्याच्या मोटारीतून हॉटेलवर पोहोचवते, हा प्रसंग सुंदर आहे. मूर्तीच्या मोहात पडलेल्या अमेरिकन धनाढ्याचे प्रसंग मात्र मला पसरट वाटले, जरी ती भूमिका करणारे ईलाय वॉलॅक हे माझे आवडते नट आहेत.

मला असे वाटते की मांडवीकाठ यांना जे आवडते ते तारवटी काकांची खोली, कंदील आणि आजी आहे. त्या रात्री दुसरा कोणताही बरा चित्रपट असता तरी आज हीच भावना आली असती. ज्याच्यापाशी ती खोली नाही त्याला चित्रपट एकट्याच्या बळावर उभा राहिलेला दिसला पाहिजे, आणि माझ्यापुरता तो तसा राहिला नाही.

मांडवीकाठ :

डिचोलीकर, आपण लिहिलेले मी दोनदा वाचले. खोलीचा वाटा मोठा आहे हे मी नाकारत नाही. पण त्याच मे महिन्यात त्याच खोलीत आम्ही आणखी तीन चित्रपट पाहिले होते. त्यांतला एक गाड्यांच्या शर्यतीचा होता आणि दुसऱ्यात बर्फ होते, एवढेच मला आज आठवते. वीज त्या दिवसांत रोजच जायची, तेव्हा दुसऱ्या चित्रपटांतही ती गेलीच असणार. या एका चित्रपटात ती गेली तेव्हाच आम्ही पंधरा माणसे पाऊण तास एका कुलपाविषयी बोलत बसलो, याचे काही श्रेय त्या कुलपाला द्यावे लागेल.

लांबीविषयी आपल्याशी अंशतः सहमत आहे. पण बापलेकीच्या नात्यासाठी तो वेळ मला आवश्यक वाटतो. ह्यू ग्रिफिथ यांनी रंगवलेला बाप इतका निरागसपणे आपल्या नकलांचा अभिमान बाळगतो की मुलीने त्याच्यासाठी एवढा धोका पत्करणे आपल्याला पटते. ते पटले नाही तर कपाटातल्या रात्रीला अर्थ उरत नाही.

अबोली :

डिचोलीकरांनी दुसऱ्या चित्रपटाचा विषय काढलाच आहे, तर माझ्या घरच्या आठवणीतला चोरीचा चित्रपट ‘व्हिक्टोरिया नं. 203’ आहे. 1972 चा हा चित्रपट आईबाबांनी लग्नानंतर मडगावला एकत्र पाहिला होता, आणि त्यातले ‘दो बेचारे बिना सहारे’ हे किशोर कुमार आणि महेंद्र कपूर यांचे गाणे बाबा आजही आंघोळ करताना म्हणतात. राजा आणि राणा हे तुरुंगातून सुटलेले दोन उतारवयातले चोर, म्हणजे अशोक कुमार आणि प्राण. प्राण यांना लोकांनी आधीच्या अनेक वर्षांत खलनायक म्हणून पाहिले होते, त्यामुळे त्यांना अशोक कुमारांच्या गळ्यात हात टाकून रस्त्याने नाचताना पाहणे हाच प्रेक्षकांना केवढा तरी आनंद होता, असे आई सांगते. हिरे व्हिक्टोरिया या घोडागाडीच्या दिव्यात लपवलेले आहेत, सर्व जण त्या गाडीच्या मागे आहेत, आणि वडिलांची ती गाडी चालवणाऱ्या सायरा बानूला त्याचा पत्ता नाही.

येथेही चोरांविषयी आपल्याला भय वाटत नाही, पण कारण निराळे आहे. निकोल चोर नाहीच. राजा आणि राणा मात्र खरोखरचे चोर आहेत आणि म्हातारपणी त्यांना हिऱ्यांहून अधिक हवेसे काही सापडते. मुंबईच्या त्या व्हिक्टोरिया 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बंद करण्याचा आदेश दिला. घोड्यांचे हाल पाहता ते योग्यच झाले असे मला वाटते. पण आता तो चित्रपट पाहताना बाबा कथेपेक्षा गाडीकडे आणि मागे सरकणाऱ्या रस्त्यांकडे पाहत असतात.

दूधसागर :

या चोऱ्या निरुपद्रवी का असत, याला लेखकांच्या स्वभावाखेरीज एक बाहेरचे कारणही आहे. अमेरिकन चित्रपटसृष्टीत 1934 पासून एक आचारसंहिता कडकपणे पाळली जात असे. गुन्ह्याविषयी प्रेक्षकाला सहानुभूती वाटता कामा नये आणि चोरीची पद्धत तपशिलाने दाखवता कामा नये, असा तिचा दंडक होता. साठच्या दशकात ती सैल होत गेली आणि 1968 मध्ये तिची जागा वयानुसार वर्गवारीने घेतली. त्या काळातल्या चोरीच्या चित्रपटांचे शेवट आठवून पाहा. 1960 च्या ‘ओशन्स इलेव्हन’मध्ये शवपेटीत लपवलेला पैसा शवाबरोबर जळून जातो. 1964 च्या ‘टोपकापी’मध्ये इस्तंबूलच्या संग्रहालयात छतावरून दोरीने उतरून पाचूजडित खंजीर पळवला जातो, जमिनीला पाय लागला तर घंटा वाजणार म्हणून सर्व काही अधांतरी चालते, आणि अखेरीस खिडकीतून आत आलेल्या एका पाखरामुळे चोर पकडले जातात. चोराला लूट पचू द्यायची नाही, हे जणू ठरलेले होते.

माझा तर्क असा आहे की ‘हाऊ टू स्टील अ मिलियन’च्या लेखकाने या अडचणीतून सर्वांत सुंदर वाट काढली. त्याला चोरी यशस्वीही दाखवायची होती. तेव्हा त्याने वस्तूच नकली केली आणि ती चोराच्या घरची केली. सायमनही शेवटी चोर निघत नाही. नकली कलाकृती शोधून काढणे हेच त्याचे काम असते. मांडवीकाठ यांच्या आजींनी अंधारात जो प्रश्न विचारला तो त्या लेखकाने कथा रचताना स्वतःला विचारला असावा. ज्यांना पाहता येईल त्यांनी ‘टोपकापी’ही जरूर पाहावा; पीटर उस्तिनोव्ह यांना त्यातल्या घाबरट माणसाच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले होते.

काणकोणवाट :

दूधसागर यांची माहिती नवी होती, त्याबद्दल आभार. मला मात्र आमचा शिगमा आठवला. होळीसाठी आम्ही मुले रात्री लोकांच्या परसातली लाकडे पळवत असू, आणि ती पळवूनच आणलेली असली पाहिजेत असा संकेत होता. एका वर्षी आम्ही एका आजोबांची माडावर चढायची जुनी शिडी आणली. ते होळीपाशी आले, शिडी जळताना ओळखली, आम्हांला चार शब्द सुनावले आणि मग तिथेच उभे राहून नारळ वाढवला. दुसऱ्या कोणत्याही रात्री तेच कृत्य चोरी ठरले असते. हा चित्रपट पाहताना मला त्या रात्रीसारखी मोकळीक वाटते. ठरलेल्या वेळेपुरते कुलूप उघडणे, धडधडत्या छातीने अंधारातून पळणे, आणि सकाळी सर्व काही जागच्या जागी असणे.

पाटो :

मी तीस वर्षे एका बँकेत नोकरी केली. त्यामुळे माझे लक्ष घंटेकडे गेले, आणि त्याविषयी सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

मूर्तीभोवती अदृश्य किरणांचे कुंपण आहे. सायमन ते तोडायचा प्रयत्नच करत नाही. तो लांबून बूमरँग फेकतो, किरण तुटतात, कानठळ्या बसवणारा भोंगा वाजतो, पहारेकरी धावत येतात, मूर्ती जागेवर असते आणि बूमरँग त्याच्या हातात परतलेले असते. हेच तो पुन्हा करतो. वरच्या गोटातून झोपमोडीच्या तक्रारींचे फोन येऊ लागतात, आणि शेवटी वैतागलेले पहारेकरी आपल्या हाताने यंत्रणा बंद करतात. आमच्या शाखेतला भोंगा पावसाळ्यात ओल धरून रात्री-अपरात्री वाजायचा. शेजारचे लोक चिडायचे, पोलीस येऊन जायचे, दुरुस्तीचा माणूस आठवडाभर फिरकत नसे. एका जुलै महिन्यात तो चक्क अकरा रात्री बंद ठेवलेला होता आणि किल्ली असलेल्या आम्हा तिघांना त्या अकरा रात्री धड झोप लागली नाही. म्हणून सांगतो की चित्रपटातली युक्ती गमतीची असली तरी पोकळ नाही.

यापुढचे वाचून आपल्याला आश्चर्य वाटेल. चित्रपटातली मूर्ती चेल्लिनीची नक्कल आहे. खऱ्या चेल्लिनीची एक अत्यंत मौल्यवान वस्तू, सोन्याचे मीठपात्र, व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे. मे 2003 मध्ये एका रात्री एक माणूस इमारतीच्या दुरुस्तीसाठी उभारलेल्या परांचीवरून चढला, खिडकीतून आत गेला आणि ते पात्र घेऊन निघून गेला. घंटा वाजली होती. पहारेकऱ्यांना ती नेहमीसारखी उगीच वाजली असे वाटले आणि त्यांनी ती बंद केली. पुढे पकडला गेलेला तो माणूस धोक्याच्या घंटा बसवण्याच्याच व्यवसायातला होता. पात्र जानेवारी 2006 मध्ये ऑस्ट्रियातल्या एका जंगलात पुरलेल्या पेटीत सापडले. बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बूमरँग आले. त्या संग्रहालयाच्या लोकांनी काढलेल्या अडीच-पावणेतीन वर्षांचा विचार केला की हलक्याफुलक्या चोरीला नकली मूर्तीच का लागते, हे मला अधिक उमगते.

सुरंगी :

पाटो, तुमच्या अकरा रात्री वाचून अंगावर काटा आला. यापुढे भोंग्याचा प्रसंग मी पहारेकऱ्यांच्या बाजूनेही पाहीन. मूर्तीच्या जागी त्यांना दारूची बाटली उभी दिसते तो क्षण आठवतो ना? त्या पहारेकऱ्यांच्या नोकरीचे पुढे काय झाले असेल, हा विचार इतक्या वेळा पाहूनही मनात आला नव्हता.

डिचोलीकर :

कपाटाचा प्रसंग काल रात्री पुन्हा पाहिला, या वेळी आईबरोबर. मध्येमध्ये थांबवून तिला सांगत गेलो. लांबीविषयीचे माझे मत कायम आहे, पण किल्ली कुलपाकडे सरकत असताना आईने माझा हात धरला होता. मांडवीकाठ, वीज आल्यावर पुढे काय झाले ते आपण लिहिले नाहीत.

मांडवीकाठ :

वीज आली तेव्हा दहा वाजून गेले होते. काकांनी चित्रपट जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला. आजीने लगेच हात वर करून त्यांना थांबवले. मधल्या वेळात मुलांच्या बोलण्यात तिच्या मनातला धागा तुटला होता. तिने कॅसेट मागे घ्यायला सांगितली, ते दोघे कपाटात शिरतात तिथपर्यंत, आणि आम्ही सर्वांनी त्यांच्याबरोबर पहिल्यापासून पुन्हा वाट पाहिली.